जेटीपासून दहा मिनिटं

पोलादपूरचा एक मित्र दिवाळी उरकली की सहकुटुंब अंदमानला निघालाय. विमानाची तिकिटं काढून झाली, अगदी सहा महिने आधी, म्हणून स्वस्तात. हॅवलॉक बेटावर राहायला घरही ठरवलंय. सुपारीच्या बागेत दोन खोल्या, वेगळं स्वयंपाकघर. फोटो दाखवून झाले. जाहिरातीत लिहिलंय, ‘जेटीपासून दहा मिनिटं’. मी विचारलं, "आणि जेटीपर्यंत?" तर म्हणाला, "बोटी असतातच की. तिथे गेल्यावर बघू."

हे ‘तिथे गेल्यावर बघू’ मला महागात पडलेलं आहे, म्हणून आजचा हा मजकूर.

पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला बोटीने दीड ते अडीच तास लागतात, जशी बोट मिळेल तसे. (कागदोपत्री २०१८ पासून हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालंय आणि २०२४ पासून पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम. धक्क्यावरचे हमाल मात्र अजून जुनीच नावं घेतात.) सरकारी बोट स्वस्त, पण ती मुळात बेटावरच्या लोकांची एसटी. शाळामास्तर, भाजीच्या पाट्या, दवाखान्यात निघालेली म्हातारी, या सगळ्यांचा हक्क आधी आणि आपल्या बॅगांचा नंतर. मला हे रास्तच वाटतं. गणपतीत चाकरमान्यांनी भरलेल्या गाडीत महाड-पोलादपूर करणाऱ्या रोजच्या प्रवाशाची काय गत होते, ते आपण बघतोच.

आम्ही गेलो होतो दोन वर्षांपूर्वी, नोव्हेंबरात. मी, बायको आणि अठ्ठ्याहत्तरीची आई. घड्याळ महाडचंच, पण सूर्य त्याला जुमानत नाही. ही बेटं आपल्यापासून एकोणीसेक रेखांश पूर्वेला, म्हणजे उजेड सव्वा तास आधी येतो आणि तेवढाच आधी जातो. पाचला दिवेलागणी. पहिल्या दिवशी चहा पिऊन किनाऱ्यावर जाऊ म्हणालो, तर चहा होईस्तोवर अंधार. घरमालकीण बंगाली, फाळणीनंतर पूर्व बंगालातून आणून इथे वसवलेल्या निर्वासितांपैकी एका घरातली. अंगणात सुपारी वाळत घातलेली. आईने एक उचलली, अडकित्त्याने कातरली, तोंडात टाकली आणि निकाल दिला, "बरी आहे. पण श्रीवर्धनची रोठा नाही हो." बाईंना मराठी येत नव्हतं, तरी काय म्हटलं ते त्यांना कळलं असावं.

परतीच्या दिवशी समुद्र उठला. सकाळी सातला जेटीवर गेलो तर खिडकीवर पाटी, आजच्या फेऱ्या रद्द. दुसऱ्या दिवशी सकाळचं आमचं विमान. दुसऱ्या दिवशी बोट सुटली ती दुपारी. विमानकंपनीला बोटीशी देणंघेणं नाही आणि बोटवाल्याला विमानाशी. दोन्ही तिकिटं एकाच पाकिटात असली म्हणून ती एकमेकांना ओळखत नाहीत. तीन माणसांचं भाडं पाण्यात गेलं आणि नवीन तिकिटं आयत्या वेळच्या दराने काढावी लागली.

चूक माझीच. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की समुद्र शांत, असं आपल्या डोक्यात बसलेलं. पण बंगालच्या उपसागराने आपला नारळ घेतलेला नाही. तिकडे ऑक्टोबर ते डिसेंबर हाच चक्रीवादळांचा मोसम. म्हणजे आपली दिवाळीची सुट्टी बरोब्बर त्यात. त्या दिवसांत जायचंच असेल तर परतीच्या विमानाआधीचा एक अख्खा दिवस आणि रात्र पोर्ट ब्लेअरमध्ये काढायची. सेल्युलर जेल पाहायचा तो तेव्हा, शेवटी. पहिल्याच दिवशी तो उरकून बेटावर पळायची घाई करू नये.

जेटीच्या बाकावर बसून आई तिच्या वडिलांच्या गोष्टी सांगत होती. आजोबा मुंबईला जायचे ते भरतीच्या हिशेबाने. सावित्रीला भरतीचं पाणी पार महाडपर्यंत चढतं. दासगावच्या बंदरातून लाँच खाली बाणकोटला, तिथून पडावात बसून आगबोट गाठायची, मग मुंबई. पावसाळ्यात सगळं बंद. भरती मध्यरात्री असेल तर मध्यरात्री कंदील घेऊन निघायचं आणि सोबत तांदळाच्या भाकऱ्या दोन दिवसांच्या. एकाच दिवसाचा प्रवास असला तरी दोन दिवसांच्या.

याच दासगावला २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. आंबेडकर उतरले. आदल्या दिवशी ते ‘पद्मावती’ बोटीने मुंबईहून निघाले होते, सोबत महाडच्या सत्याग्रह परिषदेचे प्रतिनिधी. धरमतरवरून जाण्यापेक्षा हा मार्ग लांबचा पडे, तरी तोच निवडला. कारण महाडच्या मोटारवाल्यांनी बहिष्कार घातला तर दासगावहून चालायचं ते फक्त पाच मैल. शेवटचे पाच मैल आधी मोजले आणि मग मुंबईतली बोट ठरवली. त्या प्रवासाची आणि आमच्या सहलीची तुलना होत नाही, पण प्रवास आखायचा कुठल्या टोकाकडून, ते त्यांना ठाऊक होतं.

पुढे रस्ते झाले, खाडी गाळाने भरत गेली, आगबोटी बंद पडल्या. आता सावित्रीच्या मुखाशी वेसवी ते बागमांडला गाड्या घेऊन फेरीबोट जाते, तेवढीच काय ती आठवण. आपण महाडकर पाण्याकडे बघतो ते जुलैत, बाजारपेठेत किती चढलं हे विचारायला.

मित्राला हे सगळं फोनवर ऐकवलं. परतीची बोट कधीची, असं पुन्हा विचारलं. "सकाळची. विमान दुपारचं आहे ना, त्याच दिवशी."

मग जरा थांबून म्हणाला, "तुझ्या आईने ती सुपारी खाल्ली, ती विकत मिळते का रे तिथे?"