मागच्या बाकावरचे उत्तर

‘समजले का?’ असे शिक्षकांनी विचारले की वर्गातून एकमुखाने ‘हो’ येते. ज्यांना समजलेले नसते तेही त्या होकारात आपला आवाज मिसळतात आणि धडा पुढे सरकतो. पडद्यावर प्रश्न दाखवून प्रत्येक विद्यार्थ्याकडून उत्तर घेणारी डिजिटल साधने या होकाराचीच परीक्षा पाहतात. नॉर्वेचे कहूट, स्वीडनचे मेंटीमीटर ही त्यांतील परिचित नावे.

मात्र या दोहोंसाठी मुलांच्या हाती उपकरण हवे. वसई-विरारच्या कितीतरी घरांतला फोन सकाळच्या लोकलने आईवडिलांबरोबर मुंबईला निघून जातो. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळाले, ते पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याच्या कार्यासाठी. तो कोड संध्याकाळी, फोन घरी परतल्यावरही उघडता येतो. वर्गातल्या प्रश्नाला तेवढी सवड नसते.

तेथे प्लिकर्स उपयोगी पडते. प्रत्येक मुलाला निराळ्या नक्षीचे छापील कार्ड मिळते. त्याच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. योग्य वाटणारी बाजू वर करून कार्ड धरायचे. शिक्षक आपल्या एकाच फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवतात आणि सर्वांची उत्तरे नोंदली जातात. शेजाऱ्याची नक्षी पाहून उत्तर उचलणेही सोपे नसते!

समजा, प्रश्न आहे : एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? तीनपेक्षा चार मोठे, म्हणून चतुर्थांश मोठा, असे मानणारी मुले थोडी नसतात. तोंडी विचारले तर पुढच्या बाकावरून अचूक उत्तर येते आणि ती चूक झाकली जाते. कार्डांमुळे ती उघडी पडते. अशा वेळी उत्तर तत्काळ सांगून टाकण्याचा मोह आवरावा. हार्वर्डमधील भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मॅझूर यांनी १९९१ पासून वेगळी रीत रुजवली : आधी शेजाऱ्याशी चर्चा, मग पुन्हा तेच विचारणे. एक भाकरी तिघांत वाटली तर वाट्याला अधिक येते की चौघांत, हे शेजारच्या मुलीने सांगितले की पुष्कळदा ते चटकन उमगते.

कहूटमध्ये वेगालाही गुण असतात. खेळ म्हणून ते ठीक. परंतु सावकाश विचार करणारे मूल तेथे पुन्हा मागेच पडते. प्लिकर्सच्या नोंदीत कोण चुकले हे शिक्षकांना नावानिशी कळते. ती नावे पडद्यावर न दाखवता त्यांनी स्वतःपाशीच ठेवली, तर दुसऱ्या दिवशीही ते मूल कार्ड निःसंकोचपणे वर धरील.