कॉलेजची तीन वर्षं अन् शेवटची बस

परवा सेनगाव तालुक्यातल्या एका मुलीशी बोलणं झालं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, रोज हिंगोलीला अप-डाऊन करते. सहज विचारलं, युवक महोत्सवात भाग घेतला का? म्हणाली, "सर, नाटकाची तालीम चारनंतर सुरू होते. आमच्या गावाची शेवटची बस साडेपाचला. ती दोनदा चुकली तर पप्पा कॉलेजच बंद करतील."

"कॉलेज लाइफ एन्जॉय करा" असं सांगणारे रील्स रोज समोर येतात. ते बनवणाऱ्यांना ही साडेपाचची बस माहीत नाही.

पण सगळं एसटीवर ढकलून मोकळं होता येणार नाही. ज्या पोरांची खोली शहरातच आहे ते तरी कुठं कॉलेजात दिसतात? ॲडमिशन हिंगोलीत, मुक्काम अभ्यासिकेत, नाहीतर पुण्याला सदाशिव पेठेत. कॉलेजात यायचं ते परीक्षेचा फॉर्म भरायला आणि पेपर द्यायला. पदवी कशाला, तर एमपीएससीचा फॉर्म भरता यावा म्हणून. वीस-एकविसाव्या वर्षी माणूस बसस्टँडवर बसल्यासारखा बसून आहे, गाडी यायची वाट बघत. आणि जागा किती, पोरं किती, हे सगळ्यांनाच माहीत आहे. गंमत बघा, राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली. आता गोळे काळे करून भागत नाही, स्वतःचं मत चार पानं लिहावं लागतं. तीन वर्षांत एकदाही वर्गात हात वर न केलेला, एकाही वादविवादात न बोललेला पोरगा ते मत आणणार कुठून?

नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट आलाय. कल्पना चांगली आहे. झालं काय? झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रोजेक्ट मिळतो. कव्हरवर नाव बदललं, स्पायरल मारलं, काम झालं. प्राध्यापकांनाही ते कळतं, पण तेही सही करून मोकळे.

अरे, आपल्या जिल्ह्यात विषयांना तोटा आहे का? वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा शेतकऱ्याच्या भावात काय फरक पडला, हे मोंढ्यात चार दिवस उभं राहून विचारा. बी.कॉम.वाल्याला यापेक्षा चांगला प्रोजेक्ट कोणता? औंढा तालुक्यात दुधाळ्याला लायगो होतंय. 2023 मध्ये केंद्रानं 2600 कोटी रुपये मंजूर केले, चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, गुरुत्वीय लहरी मोजणार. जगभरातले शास्त्रज्ञ इथं येतील आणि आपल्या बी.एस्सी.च्या पोरांना तिथं काय होतंय हे त्यांच्याकडून कळणार का? कयाधू तर कॉलेजच्या वाटेवरच आहे. तिच्या पाण्यात गावाची कोणकोणती गटारं मिळतात, एवढं जरी मोजलं तरी नगरपालिकेला उत्तर द्यावं लागेल.

एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर, विद्यापीठाचा युवक महोत्सव, आविष्कार स्पर्धा, हे सगळं आपल्या कॉलेजांनाही आहे. नांदेडला विद्यापीठ 1994 ला झालं, त्याआधी एवढ्यासाठी औरंगाबाद गाठावं लागायचं.

मुलींचं मात्र वेगळं आहे, म्हणून पुन्हा त्या मुलीकडे येतो. मुलगा पदवीनंतरही दोन-चार वर्षं "तयारी करतोय" म्हणून फिरू शकतो. मुलीला ती मुभा नाही. दुसऱ्या वर्षाला असतानाच घरी पाहुणे यायला लागतात. लग्नाच्या आधी घराबाहेर स्वतःच्या मर्जीनं वागायला तिच्याकडं ही तीनच वर्षं असतात, आणि त्यातलीही रोजची दुपार साडेपाचला संपते. तालीम अकरा वाजता ठेवायला कॉलेजचं काय जातं? दुपारचा एक तास मोकळा सोडता येत नाही का? आणि सात वाजताची एक बस?

1974 च्या मराठवाडा विकास आंदोलनात विद्यार्थ्यांनी रुंद रेल्वेमार्ग मागितला होता, सिंचन मागितलं होतं, नोकऱ्या मागितल्या होत्या. आपण एक बस मागतोय.

तर ज्यांची मुलं-मुली कॉलेजला येतात त्यांनी कमेंटमध्ये गावाचं नाव आणि शेवटच्या बसची वेळ लिहा. सेनगाव, कळमनुरी, औंढा, वसमत, कुठलंही चालेल. आठ दिवसांनी यादी काढून आगारात नेऊ. विद्यार्थ्यांनी सोबत यावं, शक्यतो अकराच्या सुमारास, म्हणजे घरी जायची बस चुकणार नाही.