कळस आणि तेलवात

देवळावर सोन्याचा कळस चढवूं इच्छिणारे दाते पुष्कळ भेटतात. गाभाऱ्यांतील रोजच्या तेलवातीची काळजी वाहणारे मात्र विरळा. कलासंग्रहालयांचेंही असेंच आहे. अशा संस्थेसाठीं निधि जमविणें म्हणजे पावतीपुस्तक घेऊन श्रीमंतांच्या दारीं जाणें, असा सर्वसाधारण समज. परंतु हें काम किती नाजूक आहे, तें न्यूयॉर्क शहरांतील मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या इतिहासावरून चांगलें ध्यानांत येतें.

हें संग्रहालय १८७० सालीं स्थापन झालें, तेव्हां त्याच्यापाशीं ना इमारत होती, ना एखादें चित्र. पुढें शहरानें सेंट्रल पार्कमध्यें इमारत दिली. ती शहराच्या मालकीची आणि आंतील संग्रह विश्वस्तांचा, अशी वांटणी ठरली. ती आजही चालू आहे.

जेकब रॉजर्स नांवाचे एक गृहस्थ ह्या संस्थेचे सभासद होते. आगगाडीचीं इंजिनें बांधण्याचा त्यांचा कारखाना होता. दरसाल स्वतः येऊन ते दहा डॉलर वर्गणी भरीत आणि संस्थेच्या कारभाराची विचारपूस करीत, असें सांगतात. त्याहून अधिक त्यांनीं कधीं कांहीं दिलें नाहीं, म्हणून कोणाचें त्यांच्याकडे विशेष लक्षही नव्हतें. १९०१ सालीं ते वारले आणि मृत्युपत्र उघडून पाहतात तों सुमारें पन्नास लक्ष डॉलर संग्रहालयाच्या नांवें! अट अशी कीं, मुद्दल मोडूं नये. केवळ उत्पन्नांतून दुर्मीळ कलावस्तु आणि ग्रंथालयासाठीं पुस्तकें घ्यावींत. पीटर ब्रूगेलनें १५६५ सालीं काढलेलें कापणीच्या हंगामाचें सुप्रसिद्ध चित्र संग्रहालयानें १९१९ सालीं ह्याच निधींतून घेतलें.

परंतु गंमत पहा. ह्या लक्षावधि डॉलरांतून पहारेकऱ्याचा पगार देतां येत नाहीं, कीं गळकें छप्पर दुरुस्त करतां येत नाहीं. दात्याची अट म्हणजे अट. चित्र विकत घेण्यास पैसा आहे आणि तें सांभाळण्यास नाहीं, असा प्रसंग त्यामुळें मोठमोठ्या संस्थांवरही येतो. ऐपतीप्रमाणें द्यावें आणि आंत यावें, ही ह्या संग्रहालयाची १९७० पासूनची उदार रीत; तीही खर्चाच्या तोंडमिळवणीसाठीं मार्च २०१८ मध्यें आंखडती घ्यावी लागली, आणि न्यूयॉर्क राज्याबाहेरील प्रौढांवर पंचवीस डॉलरांचें तिकीट बसलें.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. सॅकलर कुटुंबाच्या देणग्यांमुळें तेथील दालनांना त्यांचें नांव होतें. पुढें ह्या कुटुंबांतील कांहींजणांच्या मालकीच्या कंपनीच्या वेदनाशामक गोळ्या अमेरिकेंतील व्यसनाच्या भयंकर साथीस कारण झाल्या, असा आरोप झाला. २०१९ सालीं संग्रहालयानें त्या कंपनीशीं संबंधित सॅकलरांच्या देणग्या घेणें थांबविलें आणि डिसेंबर २०२१ मध्यें सात दालनांवरून तें नांव उतरविलें. धन हातीं आलें, एवढ्यानें भागत नाहीं. तें कोणत्या वाटेनें आलें, हेंही विश्वस्तांस पाहावें लागतें.

ही दूरदेशींची कथा आम्हीं सांगितली ती कांहीं हेतूनें. आपल्या घरांतील कोणी ना कोणी गांवच्या वाचनालयाच्या नाहीं तर व्याख्यानमालेच्या मंडळावर असतोच. त्यानें तीन गोष्टी मनांत धराव्या. देणगी स्वीकारतांना तिच्यांतील कांहीं भाग नित्य खर्चाकडे लावण्याची मोकळीक दात्याकडून आरंभींच मागून घ्यावी. संगमरवरी पाटी बसविण्याची घाई करूं नये. आणि दहा रुपयांचा वर्गणीदार दारीं आला, तर त्याला बसावयास खुर्ची द्यावी. रॉजर्ससारखें मृत्युपत्र प्रत्येकजण करील असें नव्हे. परंतु जो दरसाल आठवणीनें येतो, त्याचेंच प्रेम संस्थेची तेलवात तेवत ठेवतें. कळस काय, तो मागाहूनही चढवितां येईल.