‘काय सापडले?’ हा प्रश्नच चुकीचा!

कोठे उत्खनन चालू असल्याचे कळले की आपला पहिला प्रश्न, “काय सापडले हो?” सोने नाही म्हटले की आपला उत्साह मावळतो. खड्ड्याच्या उभ्या भिंतीपुढे दोरी ताणून मातीचे थर कागदावर उतरवणारा माणूस तर आपल्याला रिकामटेकडा वाटतो. माझे म्हणणे असे की, तेथला खरा कामाचा माणूस तोच!

प्रवराकाठचे दायमाबाद घ्या. १९७४ साली झाडाचा बुंधा खणताना एका शेतकऱ्याला धातूचे ओतीव रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. वजन साठ किलोंच्या वर! पण त्यांचे वय काय? कोणी ती उत्तर-हडप्पा काळातली, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची म्हणतात. कोणी पुष्कळ अलीकडची. पुढे तेथल्या उत्खननात एकावर एक पाच संस्कृतींचे थर ओळखले गेले. पण ही चित्रे त्यांतल्या कोणत्या थरातली, हे सांगणारी नोंदच नाही. शेतकऱ्याचा यात दोष नाही. पण वाद मिटत नाही तो नाही.

“खोली मोजली की झाले,” असे म्हणणारेही आहेत. मोहेंजोदडोला पूर्वी ठरावीक पातळीपासून खोली मोजून वस्तू नोंदल्या गेल्या. १९४४ साली पुरातत्त्व खात्याचे प्रमुख झालेल्या मॉर्टिमर व्हीलर यांनी त्या रीतीवर कठोर टीका केली, आणि ती रास्तच होती. गाव काही पाटावर वसत नाही; एक घर उंचवट्यावर, दुसरे उतारावर. नातवाने खणलेले पेव पणजोबाच्या जमिनीखाली जाते! तेथे खोली फसवते. मातीचा रंग, पोत आणि पेवाची कड खरे बोलते. शिवाय एकदा खणलेला थर पुन्हा रचता येत नाही. ही पोथी वाचता वाचताच फाटते. उरते ती केवळ नक्कल.

मी मास्तर. मुलांनी गावच्या पांढरीच्या टेकाडावरून मणी, रंगीत खापरे उकरून आणली, तेव्हा मी शाबासकी दिली आणि ती शाळेच्या कपाटात मांडली. आज ती खापरे मुकी आहेत. अपराध मुलांचा नव्हे, माझा.

तेव्हा आईबापांनो, यंदा किल्ल्याला माती ओढ्याची आणू द्या. पांढरीला कुदळ लागू देऊ नका. आणि उत्खनन पाहायला गेलात, तर एवढेच विचारा: “कोणत्या थरात सापडले?”