जन्मदाखला म्हणजे चरित्र नव्हे : जुन्या पिकअप ट्रकचा चासी क्रमांक

१/ जुन्या अमेरिकी पिकअप ट्रकचा चासी क्रमांक हा त्याचा जन्मदाखला. परंतु जन्मदाखल्यालाच संपूर्ण चरित्र समजण्याची चूक जुन्या वाहनांच्या व्यवहारात वारंवार होते आणि तिच्यापायी अस्सल पुरावा नष्ट होतो.

२/ आज परिचित असलेला १७ स्थानांचा क्रमांक अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलवर्षापासून आला. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरे वर्ज्य आहेत. १ आणि ० यांच्याशी त्यांची गल्लत होऊ नये म्हणून. नववे स्थान पडताळणीचे, दहावे मॉडेलवर्षाचे. त्यापूर्वी मात्र प्रत्येक कंपनीची सांकेतिक लिपी निराळी होती.

३/ उदाहरणार्थ, १९६९ च्या शेव्हरोले पिकअपवरील सी-ई-१-४-९-एफ हा आरंभ.
सी : केवळ मागच्या चाकांना शक्ती (चारही चाकांना असल्यास के)
ई : व्ही-८ इंजिन (सहा सिलिंडर असल्यास एस)
१ : अर्ध्या टनाचा वर्ग
४ : पिकअप
९ : १९६९
एफ : मिशिगनमधील फ्लिंटचा कारखाना
पुढे अनुक्रमांक.

४/ त्याच वर्षीच्या फोर्ड एफ-१०० च्या क्रमांकात मालिका, इंजिन व कारखाना सापडतात. वर्षाला मात्र स्वतंत्र स्थान नाही. ते अनुक्रमांक कोणत्या टप्प्यात पडतो, यावरून ठरवावे लागते. एका कंपनीची किल्ली दुसरीच्या कुलपाला चालत नाही.

५/ प्रमाणीकरणानेही सारे प्रश्न सुटले नाहीत. वर्षाचे चिन्ह दर ३० वर्षांनी परत येते : बी म्हणजे १९८१, तसेच २०११. नुसत्या संवत्सराच्या नावावरून काळ ठरत नाही, शकाचा आधार लागतो, तसेच हे. मोटारी व हलके ट्रक यांत तो आधार सातवे स्थान देते : तेथे आकडा असल्यास जुने चक्र, अक्षर असल्यास नवे.

६/ आता खरा प्रश्न. क्रमांकात सी आहे, पण ट्रकच्या पुढच्या चाकांनाही शक्ती मिळते. तो ट्रक खोटा ठरतो काय? मुळीच नाही. क्रमांक सांगतो, ट्रक कारखान्यातून कसा निघाला. पुढचा आस सांगतो, नंतरच्या मालकाने त्याचे काय केले. दोन्ही पुरावे खरे आहेत, फक्त काळ वेगळे आहेत. ही विसंगती म्हणजेच त्या वाहनाचा इतिहास.

७/ म्हणून क्रमांकाची पाटी ‘जुळवून’ घेणे हे जीर्णोद्धार नसून साधनाचा नाश आहे. भंगारातील ट्रकची पाटी चोरीच्या ट्रकवर बसवण्याची वाटही तेथूनच जाते. अमेरिकेत क्रमांकात अवैध फेरफार करणे हा संघीय गुन्हा आहे.

८/ पाटी, चासीवर ठोकलेला क्रमांक, इंजिनावरील खुणा आणि मालकीची कागदपत्रे एकमेकांशी ताडून पाहावीत. जेथे ती जुळत नाहीत, तेथे खाडाखोड न करता नोंद करावी. ताम्रपटाला लावला जाणारा हा नियम पत्र्याच्या पाटीलाही लागू आहे.