ओवी, वस्तू आणि वर्ग

संगणक म्हटला की आपण कला शाखेचे विद्यार्थी दोन पावले मागे सरतो. ते काम विज्ञानवाल्यांचे, आपण कविता आणि इतिहास पाहावा, अशी समजूत आपल्या मनात घर करून बसली आहे. त्या समजुतीविरुद्ध मला चार शब्द लिहायचे आहेत. कारण आवाज, चित्र आणि अक्षरे एकत्र साठवणाऱ्या यंत्रात कोणाचे नाव राहील आणि कोणाचे पुसले जाईल, हा प्रश्न आपल्या घरातल्या माणसांचा आहे.

प्रथम विषय समजून घेऊ. संगणकाला काम सांगण्याच्या जुन्या पद्धतीत माहिती एकीकडे आणि तिच्यावर करायच्या कृती दुसरीकडे असत. १९६० च्या दशकात नॉर्वेतील ओले-योहान डाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड यांनी 'सिम्युला' ही भाषा तयार केली आणि दोन्ही एकाच गाठोड्यात बांधण्याची वाट दाखवली. या गाठोड्याला 'ऑब्जेक्ट' म्हणजे वस्तू म्हणतात. आपल्याकडचे उदाहरण घ्या. 'बैल' हा झाला वर्ग. सर्जा आणि राजा या त्या वर्गातल्या दोन वस्तू. रंग, वय, शिंगांची ठेवण हे त्यांचे गुणधर्म. नांगर ओढणे ही कृती. 'बैल' हा वर्ग 'जनावर' या मोठ्या वर्गातून काढला, तर खाणे-पिणे पुन्हा लिहावे लागत नाही. ते वारशाने येते. शेतकऱ्याच्या पोरीला यात अवघड ते काय?

चित्रफितीच्या बाबतीत हा विचार उशिरा आला. १९९३ चे 'एमपेग-१' हे मानक म्हणजे चौकोनी चित्रांची माळ. गाणारी बाई, तिच्यापुढचे जाते, मागची भिंत, सगळे एकात कालवलेले. १९९९ च्या 'एमपेग-४' ने व्यक्ती, पार्श्वभूमी, आवाज, अक्षरे यांना स्वतंत्र वस्तू मानून त्या एकमेकींशी जोडण्याची सोय केली. चित्रातून आकार वेगळा काढण्याचा भाग व्यवहारात फारसा रुजला नाही. परंतु विचार मोलाचा आहे: प्रत्येक घटकाला स्वतःचे नाव, स्वतःचे गुण आणि इतरांशी असलेले नाते असावे.

आता आपल्या गावाकडे या. लग्नात हळद दळताना आजही आयाबाया जात्यावर ओव्या म्हणतात. पोरे मोबाईलवर चित्रण करतात, ते गटागटांत फिरते. त्या फितीचे नाव काय? नुसता एक आकडा! आवाज कोणाचा, गाव कोणते, ओवी कोणाकडून आली, काही नाही. दहा वर्षांनी ती फीत कोणाला सापडली तर तो खाली लिहील, 'पारंपरिक लोकगीत'. 'पारंपरिक' हा शब्द मोठा आदराचा वाटतो. पण त्याच्याआड किती बायकांची नावे गडप झाली असतील याचा हिशेब कोण देणार?

याउलट एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून कामाला आरंभ करून, अनेक कार्यकर्त्यांच्या मदतीने, १,००० हून अधिक गावांतून १,००,००० हून अधिक ओव्या गोळा केल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतील काही हजार ओव्यांचे ध्वनिमुद्रण झाले. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या लोकांपुढे आणल्या. तिथे ओवीचे शब्द, आवाज, छायाचित्र आणि भाषांतर वेगवेगळे असून एकमेकांशी जोडलेले आहेत. गाणारीचे नाव, गाव, तालुका, वय, मुले, शिक्षण, व्यवसाय आणि जात अशी नोंद आहे. मांडणी पाहिली की वस्तूचा हाच विचार डोळ्यांपुढे येतो.

इथे कोणी विचारील, जातीचा रकाना कशाला? प्रश्न रास्त आहे. माझे मत असे की तो असावा. पण गुणधर्म म्हणून असावा, वर्ग म्हणून नसावा. फरक लहान नाही. वर्ग ठरला की बाकी सारे त्यातून आपोआप वाहत येते. आमच्या गावात घर कुठे, पाणवठा कोणता, काम कोणते, हे जातीवरूनच ठरत आले, ते याच रीतीने. गुणधर्म मात्र वय आणि शिक्षण यांच्या शेजारी बसणारी एक नोंद असते. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये बायकांनी बाबासाहेबांवर ओव्या म्हटल्या. गाणारी कोण हे पुसून टाकले तर त्या ओव्यांचा अर्धा अर्थच हरवेल. आणि या संग्रहात ओव्यांची विभागणी विषयावरून आहे. त्यामुळे आईवरची ओवी कोणत्याही घरातली असो, ती आईवरच्या ओव्यांशेजारी बसते. गावात जे जमले नाही ते वहीत जमले!

असाही आक्षेप येतो की रकान्यांत घातलेली ओवी मरते. खरे आहे, जात्याची घरघर रकान्यात मावत नाही. परंतु आता गिरणीमुळे जातेच कोपऱ्यात गेले आहे. नोंद नसेल तर उरणार काय?

कोणते रकाने असावेत हे ठरवायला भाषा आणि माणूस कळावा लागतो. 'माहेर' हा रकाना एखाद्या अभियंत्याला सुचेलच असे नाही. आपल्याला सुचेल, कारण अर्धी ओवी माहेरीच राहते. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. माझ्या आजीला सही येत नाही, पण ओवी कोणत्या मावशीकडून शिकली हे ती अचूक सांगते. हाच तो वारसा, आणि त्याचाही रकाना हवा.

माझी सूचना साधी आहे. नांदेडला १९९४ मध्ये आपले विद्यापीठ झाले. त्याच्या एकाच आवारात भाषेचे आणि संगणकाचे संकुल आहे. महाविद्यालयातही मराठी विभाग आणि संगणक कक्ष यांच्यात फार तर एका जिन्याचे अंतर असते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात प्रत्येकाने आपल्या घरच्या पाच ओव्या नोंदवाव्यात: नाव, गाव, माहेर, कोणाकडून शिकली, कोणत्या प्रसंगी म्हटली. आणि सर्वांत आधी एक रकाना तिच्या संमतीचा. प्राध्यापकांनी मार्गदर्शन करावे, श्रम आम्ही करू.

बी. ए. द्वितीय वर्ष