ड्रोनचे केंद्र व्हायचे, पण माळ कोणी द्यायचा?

२०३० पर्यंत भारत ड्रोनचे जागतिक केंद्र होणार, असे सांगणाऱ्या बातम्यांना गेल्या काही वर्षांत खंड पडलेला नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये ड्रोन आणि त्यांच्या सुट्या भागांच्या उत्पादनासाठी १२० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये १५,००० महिला बचत गटांना ड्रोन पुरवण्याच्या १,२६१ कोटी रुपयांच्या योजनेला मान्यता मिळाली. या योजनांशी भांडण नाही. भांडण आहे ते त्यांच्याभोवती वाढलेल्या एका समजुतीशी: यंत्र विकत आणले, ते चालवण्याचे थोडे प्रशिक्षण दिले, की देशाला उड्डाणविद्या आली. उड्डाणविद्या जिथे खरोखर अंगी बाणते, ती जागा दुसरीच आहे. शहराबाहेरच्या माळावर सुट्टीच्या सकाळी जमणारा रेडिओ-नियंत्रित विमानांचा स्थानिक क्लब ही ती जागा. तिच्याकडे ना विद्यापीठांचे लक्ष आहे, ना शासनाचे, ना विज्ञानाची आवड असल्याचे सांगणाऱ्या तरुणांचे.

आजचा ड्रोन हे एक कौतुकास्पद यंत्र आहे. पण चालवणाऱ्याला भौतिकी शिकवणे हा त्याचा हेतूच नाही. त्यातले गतिमापक आणि उपग्रहाधारित स्थाननिश्चिती क्षणाक्षणाला तोल सावरत असतात. हातातल्या स्टिक सोडून दिल्या तरी तो हवेत जागच्या जागी उभा राहतो. पंखांचे साधे विमान असे लाड करत नाही. त्याचा गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीच्या साधारण पुढच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यात नसेल आणि जरा मागे सरकलेला असेल, तर पहिल्याच उड्डाणात विमान नाक वर काढते, डळमळते आणि जमिनीवर येते. ‘स्थैर्य’ हा पाठ्यपुस्तकातला शब्द तिथे फुटलेल्या फोमच्या आणि मोडलेल्या बाल्साच्या तुकड्यांतून समजतो.

वाऱ्याचे उदाहरण तर प्रत्येक भौतिकीच्या वर्गात सांगावे असे आहे. विमानाचा हवेच्या तुलनेतला वेग सेकंदाला १२ मीटर आणि वारा ६ मीटर असेल, तर वाऱ्याच्या विरुद्ध जाताना ते जमिनीवरून पाहणाऱ्याला ६ मीटर वेगाने जाताना दिसते, आणि वळून वाऱ्यासोबत आले की १८ मीटर वेगाने. पंखांच्या दृष्टीने काहीच बदललेले नसते. पण जमिनीवर उभ्या असलेल्या नवशिक्याचे डोळे घाबरतात आणि बोट थ्रॉटल मागे ओढते. हवेतला वेग किमान मर्यादेखाली जातो, पंखावरचा प्रवाह सुटतो आणि विमान कोसळते. गॅलिलिओची सापेक्षता परीक्षेत लिहून गुण मिळवलेला विद्यार्थीही इथे फसतो, कारण त्याने ती समीकरणात पाहिलेली असते, बोटांत आणलेली नसते. समीकरण आणि बोटे यांच्यातले हे अंतर कोणतीही प्रवेशपरीक्षा मोजत नाही. क्लबमधला जुना सभासद मात्र ते पाच मिनिटांत ओळखतो.

क्लबच का, एकट्याने का नको, याचेही उत्तर भौतिकीतच आहे. दोन किलोचे विमान सेकंदाला २० मीटर वेगाने जात असेल, तर त्याची गतिज ऊर्जा ४०० ज्यूल होते. म्हणजे सुमारे २० मीटर उंचीवरून पडलेल्या दोन किलोच्या दगडाएवढी. शिवाय पुढे फिरता पंखा असतो आणि पोटात चुकीच्या हाताळणीने पेट घेणारी लिथियम बॅटरी असते. हे यंत्र सोसायटीच्या गच्चीवरून उडवणारा हौशी मुलगा धोकादायक असतो, आणि त्यात दोष केवळ त्याचा नसतो. क्लबमध्ये उड्डाणाआधी दुसरा माणूस विमान तपासतो. नवशिक्याचा ट्रान्समीटर शिकवणाऱ्याच्या ट्रान्समीटरला जोडलेला असतो, त्यामुळे चूक झाली की नियंत्रण तत्क्षणी जाणत्या हाती जाते. विमान समोरून आपल्याकडे येत असताना डावे-उजवे उलटे होते, तेव्हा जो पंख खाली झुकला आहे त्याच बाजूला स्टिक न्यायची, ही युक्तीही शेजारी उभा असलेला माणूसच सांगतो. शिस्त, सुरक्षितता आणि विद्या या तिन्ही गोष्टी इथे एकत्र मिळतात, आणि ज्येष्ठ सभासद त्या विनामोबदला देतात.

‘खेळण्यांतून कुठे विज्ञान होते?’ हा प्रश्न तुच्छतेने विचारला जातो. त्याला इतिहासानेच उत्तर दिले आहे. १९६२ मध्ये अमेरिकेच्या नासामधील अभियंता डेल रीड यांनी पंखांशिवाय, केवळ शरीराच्या आकारावर उडणाऱ्या यानाची लहान प्रतिकृती केली आणि ती रेडिओ-नियंत्रित विमानामागे बांधून वर नेली. त्यांच्या पत्नीने घरगुती कॅमेऱ्याने ही उड्डाणे चित्रित केली. तेच चित्रण वरिष्ठांना दाखवून त्यांनी प्रकल्पाला संमती मिळवली. त्यातून पुढच्याच वर्षी एम२-एफ१ हे माणूस बसवलेले यान उडाले, आणि इंजिनाशिवाय धावपट्टीवर उतरण्याचा जो आत्मविश्वास या मालिकेतून आला, तो पुढे स्पेस शटलच्या कामी आला. एप्रिल २०२३ मध्ये इस्रोने हेलिकॉप्टरमधून सुमारे साडेचार किलोमीटर उंचीवरून सोडलेले पंखधारी यान चित्रदुर्गच्या धावपट्टीवर स्वतःहून उतरवले, तेव्हा देशभर टाळ्या वाजल्या. उंचीचे भांडवल संपण्याआधी धावपट्टी गाठणे हाच त्या प्रयोगाचा गाभा होता. आणि मोटर बंद पडलेले विमान माळावर परत आणणारा क्लबचा सभासदही लहान प्रमाणावर तेच करत असतो.

दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. लहान, संथ पंखांभोवतीचा प्रवाह मोठ्या विमानांपेक्षा वेगळा वागतो. २५ सेंटीमीटर रुंदीच्या पंखाचा सेकंदाला १२ मीटर वेगाला रेनॉल्ड्स अंक जेमतेम दोन लाख येतो, आणि या पट्ट्यात प्रवाह लहरीपणे सुटतो व पुन्हा चिकटतो. १९८० च्या दशकात प्रिन्स्टन विद्यापीठात मायकेल सेलिग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पंखछेदांची वायुबोगद्यात पद्धतशीर मापने केली. त्यांसाठी लागणारे अचूक नमुने देशोदेशीच्या हौशी विमानकारांनी हाताने घडवून दिले होते. त्या मापनांचा ग्रंथ १९८९ मध्ये निघाला आणि छोट्या मानवरहित विमानांच्या रचनाकारांनाही त्या माहितीचा आधार मिळाला. आज जगभरच्या असंख्य ड्रोनमध्ये वापरली जाणारी आर्डुपायलट ही मुक्त नियंत्रणप्रणालीसुद्धा हौशी मंडळींच्याच समुदायात जन्मली. ज्या यंत्राच्या नावाने आज घोषणा होतात, त्याची आजी माळावर खेळलेली आहे.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला, हा श्रीमंतांचा छंद आहे. एकट्याने केला तर तसा तो होतोही. क्लबमध्ये मात्र ट्रान्समीटर एकमेकांना दिले जातात, जुनी विमाने हात बदलतात आणि फोमच्या पत्र्यातून नवे विमान संध्याकाळभरात कापले जाते. दुसरा, संगणकावरचा सिम्युलेटर पुरेसा आहे. सिम्युलेटर बोटांना सवय लावतो, हे खरे. पण त्यात विमान मोडले तर एक बटण दाबून ते पुन्हा उभे राहते, आणि का मोडले हे कोणी विचारत नाही. तिसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो गंभीर आहे. सणासुदीला वा राष्ट्रीय दिनाला महानगरांत ड्रोन, पॅराग्लायडर आणि रेडिओ-नियंत्रित छोटी विमाने यांवर सरसकट बंदीचे आदेश निघतात; त्यांमागची भीती निराधार नाही. पण नोंदणीकृत मैदानावर, ओळखीच्या माणसांसमोर, ठरलेल्या वेळी उडणारे विमान हा त्या भीतीवरचा उपाय आहे. बंदीने सभासद घरी बसतो. घातपाती आदेश वाचून थांबत नाही.

कायदा प्रतिकूल नाही, हे तर अधिकच खटकते. २०२१ च्या ड्रोन नियमांनी शिक्षण, संशोधन वा मनोरंजनासाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेल विमानांना प्रकार-प्रमाणपत्रातून सूट दिली. दोन किलोपर्यंतचे विमान व्यावसायिक हेतूशिवाय उडवणाऱ्याला वैमानिकाचा परवानाही लागत नाही. हरित क्षेत्रात ४०० फुटांपर्यंतचे आकाश खुले आहे. आकाश दिले, उभे राहायला जमीन मात्र कोणी दिली नाही. आज जिथे क्लब उडतो तो माळ उद्या प्लॉट होतो, आणि सभासद आणखी दहा किलोमीटर बाहेर सरकतात. अमेरिकेत हौशी वैमानिकांच्या संघटनांची सुरक्षासंहिता कायदा मान्य करतो. भारतात अशा संघटनांकडे धोरणकर्त्यांचे भागीदार म्हणून पाहण्याची सवयच नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयांनी तयार संच जोडून स्पर्धेत नेण्याऐवजी जवळच्या क्लबशी करार करावा आणि आपल्या पडीक जागेची एक पट्टी त्याला द्यावी. जिल्हा प्रशासनाने क्रिकेटच्या मैदानासारखीच उड्डाणाच्या मैदानाचीही नोंद ठेवावी. एनसीसीच्या वायुशाखेत विमानप्रतिकृती शिकलेल्या छात्राला गणवेश उतरल्यावर जायला जागा असावी. आणि भौतिकीच्या विद्यार्थ्याने पुढचा ड्रोन मागवण्याआधी एका रविवारी सकाळी, वारा वाढण्यापूर्वी, त्या माळावर जावे. पहिल्या दिवशी विमान हाती मिळणार नाही. बॅटऱ्या वाहायला लागतील, दुसऱ्यांची उड्डाणे पाहावी लागतील आणि गवतात पडलेली विमाने शोधून आणावी लागतील. ती मोडलेली विमाने नीट पाहावीत. प्रत्येक तुकड्याला कुठून, का आणि किती जोराने तुटला याचे उत्तर असते, आणि ते सांगणारा माणूस तिथेच उभा असतो.